रिपेअरचं कारण सांगून घरमालक चावीने दार उघडून आत येतात, चालतं का हे?

पत्र:

ताई, मी आणि माझी मैत्रीण पुण्यात वाकडला टू बीएचके भाड्याने घेऊन राहतो. अकरा महिन्यांचं रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स आहे, त्यातले चार महिने बाकी आहेत. घरमालक काका त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये राहतात. खालच्या फ्लॅटच्या सीलिंगला ओल आलीये आणि ती आमच्या कॉमन बाथरूममधून येते असं सगळे म्हणतात. तेव्हापासून काका डुप्लिकेट चावीने कधीही येतात. एकदा आम्ही ऑफिसला असताना प्लंबरला घेऊन येऊन गेले, आम्हाला कळलं ते संध्याकाळी मेसेज आला तेव्हा, त्यात वर 'ओट्यावर भांडी तशीच होती, झुरळं होतील' असंही लिहिलेलं. मागच्या आठवड्यात मी नाइट शिफ्ट करून सकाळी झोपले होते, हॉलमधून आवाज आले म्हणून उठून बघते तर काका आणि दोन अनोळखी माणसं. मी बोलले तर म्हणाले घर माझं आहे, मला विचारायची काय गरज. आता टाइल्स फोडायच्या म्हणतायत. मैत्रीण म्हणते लॉक बदलू आणि कामच करू द्यायचं नाही. आमच्या बेडरूमच्या बाथरूमचा गीझर दोन महिने बंद पडलाय तो मात्र त्यांना दिसत नाही. ७५ हजार डिपॉझिट अडकलंय म्हणून गप्प बसलोय. कायद्याने त्यांना असं येता येतं का?

— वैतागलेली भाडेकरू

अगं, आधी सरळ उत्तर देते. काकांना घर बघायला यायचा हक्क आहे. न सांगता यायचा हक्क नाहीये. या दोन गोष्टी त्यांनी एकात कालवल्यात, आणि तुझ्या मैत्रिणीनेही कालवल्यात, फक्त उलट्या बाजूने.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याचं कलम २८ नेमकं यावरच आहे. एका वाक्याचं कलम आहे, त्यात म्हटलंय की मालकाला जागेची पाहणी करता येईल, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. आणि मुद्दाम सांगते, कारण एजंट लोक हमखास म्हणतात की "तुम्ही भाडेकरू नाही, लायसन्सी (म्हणजे लायसन्सवर राहणारे) आहात, तुम्हाला भाडे कायदा लागत नाही", तर या कलमात लायसन्सवर दिलेली जागाही आहे आणि लायसन्सीला सूचना द्यायची असंही आहे. म्हणजे तुमचं लीव्ह अँड लायसन्स असलं तरी सूचना द्यावीच लागते.

आता तुझं अ‍ॅग्रीमेंट काढ. ऑनलाइन रजिस्टर झालेलं असेल तर त्यात साधारण ठरलेलाच मसुदा असतो, सह्या करताना कोणी वाचत नाही, बायोमेट्रिकवाला माणूस घरी येतो, अंगठा लावायचा, फोटो काढायचा, चहा प्यायचा आणि झालं. त्यात पाहणीचा एक परिच्छेद बहुतेक असतोच, की मालक किंवा त्यांचा अधिकृत प्रतिनिधी वाजवी नोटीस देऊन, वाजवी अंतराने आत येऊन जागा बघू शकेल. म्हणजे काकांनी स्वतः सही करून नोटीस देईन म्हटलेलं आहे. हा परिच्छेद सापडला की त्याचा फोटो काढून ठेव, उद्या बोलताना कलम २८ पेक्षा तोच जास्त कामाला येईल, कारण कायद्याचं नाव काढलं की माणसं बिथरतात आणि स्वतःची सही दाखवली की जरा थांबतात.

"वाजवी नोटीस" म्हणजे किती तास? आपल्या कायद्यात आकडा नाहीये. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा म्हणून एक मसुदा मंजूर केला, त्यात आहे, किमान २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवरून कळवायचं, कशासाठी येतोय आणि कधी ते सांगायचं, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर यायचं नाही. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे "२४ तासांचा कायदा आहे" असं काकांना ठणकावून सांगू नकोस, ते कोणा वकिलाला विचारतील आणि तू तोंडघशी पडशील. फक्त मागणी म्हणून २४ तास माग. इंग्लंडमध्येसुद्धा १९८५ च्या कायद्यात रिपेअरच्या पाहणीसाठी २४ तास आधी लेखी कळवायचं असंच आहे. म्हणजे तू काही जगावेगळं मागत नाहीयेस.

आणि "वाजवी वेळ" ही पण घड्याळ बघून सगळ्यांना एकच नसते ना. सकाळी ११ ही बाकीच्यांसाठी चांगली वेळ आहे, नाइट शिफ्टवाल्या मुलीसाठी ती मध्यरात्र आहे. पण हे काकांना माहीत असायला हवं, तू त्यांना शिफ्ट कधी असते ते लेखी सांगितलंयस का? पत्रात तसं काही दिसलं नाही. नसेल तर आधी सांग. सांगून झाल्यावर परत आले तर मग त्यांच्याकडे सबब उरत नाही.

आता भांड्यांचं. ते वाचून मला हसू पण आलं आणि रागही आला. पाहणी म्हणजे जागेची पाहणी, भिंत, पाइप, नळ, सीलिंग. ओट्यावर काल रात्रीची कढई आहे की नाही, फ्रिजमध्ये काय आहे, कोणाचे कपडे वाळत घातलेत, हे त्यात येत नाही. बरं, काकांचा हेतू वाईट असेलच असं मी म्हणत नाही, पुष्कळ घरमालकांच्या डोक्यात ते घर अजून त्यांचंच राहतं घर असतं, भाडेकरू म्हणजे पाहुण्यासारखे, मग सुनेला बोलल्यासारखं बोलतात. त्या मेसेजला उत्तर देऊ नकोस. पण डिलीट पण करू नकोस, तुम्ही घरी नसताना ते आत आले होते हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय त्यात.

आता मैत्रिणीच्या आयडियाकडे येते, कामच करू द्यायचं नाही. हे अजिबात करू नका. एक तर खालच्या माणसाचं सीलिंग खरंच गळतंय, तो बिचारा रोज बादली लावून बसला असेल. सोसायट्यांमध्ये साधारण असं असतं की गच्चीचं, बाहेरच्या भिंतीचं, कॉमन पाइपचं लीकेज सोसायटीने करायचं आणि फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-टॉयलेटचं त्या मेंबरने स्वतःच्या खर्चाने, म्हणजे सोसायटी आणि खालचे लोक काकांच्या मानगुटीवर बसलेत, ते हे काम हौसेने काढत नाहीयेत. दुसरं म्हणजे तुम्ही अडवलंत हे एकदा लिहून आलं की पुढे खालच्यांचं पीओपी पडलं, वायरिंगमध्ये पाणी गेलं, तर त्याचं बिल तुमच्या डिपॉझिटमधून कापायला त्यांना आयतं कारण मिळतं. आत्ता चूक त्यांची आहे. ती तुमच्याकडे ओढून घेऊ नका. भांडायचंच तर चावीवरून आणि वेळेवरून भांडा, रिपेअरवरून नको.

पण कलम २८ मधला शब्द पाहणी आहे, हे लक्षात ठेव. येऊन बघणं वेगळं आणि ब्रेकर लावून टाइल्स फोडणं वेगळं. तुम्ही राहत असताना बाथरूम उखडायचं तर ते बसून ठरवायला लागतं, किती दिवस, कुठल्या वेळात, त्या काळात तुम्ही आंघोळ कुठे करायची. म्हणून आधी विचार की नक्की काय करणार आहेत. कधीकधी टाइल्सच्या फटी नव्याने भरून आणि नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीखालचं भांडं) बदलून भागतं, ते एखाद्या दिवसाचं काम. कधी भिंतीतला पाइप लीक असतो, तेव्हा तेवढाच पट्टा फोडतात. पण पूर्ण वॉटरप्रूफिंग असेल तर सगळ्या टाइल्स काढणार, खालचा कोबा काढणार, केमिकलचे कोट मारणार, ते वाळणार, मग पाणी साठवून एक-दोन दिवस खाली गळतंय का ते बघणार, मग परत टाइल्स. हे आठवड्याच्या आत कोणी करून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस. आणि तपासल्याशिवाय डायरेक्ट फोडायला घेत असतील तर जरूर विचार की पाणी नक्की कुठून येतंय हे बघितलं का, कारण पुष्कळदा बाथरूम फोडून झाल्यावर कळतं की गळती ड्रेनेजच्या बाहेरच्या पाइपची होती.

इथेच तुझा गीझर येतो. तू तो तक्रार म्हणून लिहिलायस पण तो तुझ्या हातातला सगळ्यात चांगला मुद्दा आहे. कॉमन बाथरूम बंद झालं की घरात एकच बाथरूम उरणार, आणि त्याचा गीझर बंद. म्हणजे काम सुरू करायच्या आधी तो चालू करून देणं त्यांनाच भाग आहे. भांडण न करता मागता येतं हे.

तसं कायद्यात कलम १४ पण आहे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक, आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपेक्षा जास्त नाही. पण थांब, लगेच मेकॅनिकला फोन करू नकोस. ते कलम भाडेकरूबद्दल बोलतं, लायसन्सीचं नाव त्यात २८ सारखं घेतलेलं नाही, त्यामुळे तुझ्यासाठी अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते मोठं. तिथे भाड्यातून कसलीही कपात करायची नाही असं असू शकतं. गीझर नीट करून घ्यायचाच असेल तर आधी मेसेजवर काकांचं "हो, करून घ्या, भाड्यातून कमी करा" एवढं उत्तर घे आणि मग कर. भाडं मात्र थांबवू नका, कितीही राग आला तरी. भाडं थकलं की बाकीचं सगळं बाजूला पडतं आणि तुम्हीच थकबाकीदार ठरता.

लॉकचं आता. कायद्यात डुप्लिकेट चावी कोणाकडे असावी असं काही लिहिलेलं नाही. अ‍ॅग्रीमेंटमध्ये मात्र असतं की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय जागेत फेरफार करायचा नाही, आणि गुपचूप अख्खं लॉक काढून नवीन बसवलं तर काका तेच पुढे करतील. म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी जा. आजच्या आज एवढं करा की घरी कोणीही असलं की दाराला आतून कडी, झोपताना तर नक्कीच, नुसत्या लॅचवर राहू नका, लॅच बाहेरून चावीने उघडतं पण कडी उघडत नाही. कडी ढिली असेल तर नवीन बसवा, कोणी काही म्हणणार नाही. बेडरूमला आतून लावायला बोल्ट आणि कपाटाला कुलूप. मग काकांना लिहा की चावी आमच्या परवानगीशिवाय वापरू नका, आणि हवं तर एक उपाय सुचवा: चावी पाकिटात घालून चिकटवायची, चिकटवलेल्या जागेवर तुमची आणि त्यांची सही, पाकीट त्यांच्याकडेच राहू दे. फोडलं तर दिसेल. त्यांना चावी आपल्याकडे असल्याचं समाधान आणि तुम्हाला खात्री. एवढं करूनही परत आत आले तर लॅचचं फक्त सिलिंडर (चावी घालतो तो आतला भाग) बदला, जुनं जपून ठेवा, आणि त्यांना त्याच दिवशी मेसेज करा की अमुक तारखेला न सांगता आत आल्यामुळे सिलिंडर बदललंय, जाताना जुनं परत बसवून देऊ. लपवून काही करायचं नाही, हे महत्त्वाचं.

तुम्ही घरी नसताना त्यांनी आत यावं असा प्रसंग येऊच शकत नाही असं नाही हं. पाइप फुटून पाणी दाराखालून जिन्यात आलंय, गॅसचा वास येतोय, मेन बोर्डातून धूर निघतोय, अशा वेळी कोणी २४ तास थांबत नाही आणि थांबूही नये. पण तेव्हाही आधी फोन, फोन लागला नाही तर सेक्रेटरी किंवा वॉचमनला सोबत घेऊन आत. हे आधीच लिहून ठेवलं की मग "अर्जंट होतं" हे कारण रोज वापरता येत नाही. खालच्यांची सीलिंगची ओल ही काही आठवड्यांपासूनची आहे, ती अर्जंट असली तरी आज सकाळी झोपेत घुसण्याइतकी नाही.

मी तुझ्यासाठी मेसेज लिहून देते, हवे ते बदल कर, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव आणि तोच ईमेलवरही टाक:

"काका नमस्कार. बाथरूमच्या लीकेजचं काम करायला आमची हरकत नाही, लवकर झालेलं आम्हालाही बरं. फक्त येण्याआधी किमान एक दिवस मेसेज करा, आणि आमच्यापैकी कोणीतरी घरी असतानाच या, अ‍ॅग्रीमेंटमध्येही नोटीस देऊन येण्याचं ठरलेलं आहे. माझी नाइट शिफ्ट असते, सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते दुपारी ३ मी झोपलेली असते. या शनिवारी ११ ते ६ आणि रविवारी १० ते २ आम्ही दोघी घरी आहोत. पाणी फुटणं, गॅस, शॉर्टसर्किट असं काही झालं तर आधी आम्हा दोघींना फोन करा, लागला नाही तर सेक्रेटरींना सोबत घेऊन आत जा. काम नक्की काय आहे, किती दिवस, कोण माणसं येणार, राडारोडा कोण उचलणार हे कळवा. कॉमन बाथरूम बंद होण्याआधी बेडरूमच्या बाथरूमचा गीझर दुरुस्त करून द्या. आम्ही घरी नसताना किंवा न कळवता चावीने आत येऊ नका ही विनंती."

कलम वगैरे पहिल्या मेसेजमध्ये घालू नकोस. उत्तर उद्धट आलं तर दुसऱ्या मेसेजमध्ये घाल. आणि रात्रीच्या रागात लांबलचक टाइप करू नकोस, तुझं लिहिलेलंही पुरावाच असतं.

काम सुरू होईल त्या दिवशी आधी बाथरूमचे, पॅसेजचे, हॉलचे फोटो आणि एक व्हिडिओ काढून ठेवा, कारण ब्रेकरच्या धक्क्याने बाजूची टाइल तडकते आणि डिपॉझिट द्यायच्या वेळी ती तुमच्या नावावर येते. येणाऱ्या माणसांची नावं गेटवर एंट्री झालेली असू देत. दोघींपैकी एकीने घरी थांबा, जमत नसेल तर कोणा मित्राला बसवा. बाथरूम आठ-दहा दिवस बंद राहणार असेल तर तेवढ्या दिवसांच्या भाड्यात काहीतरी सूट मागायला हरकत नाही, मिळेलच असं नाही पण मागितलेलं बरं, पुष्कळ मालक देतात.

आणि समजा एवढं सगळं होऊनही काका ऐकतच नाहीत, तर? आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी द्या, कारण त्यांनाही लीकेज संपवायचंय, ते मध्ये पडतील. तरी नाही तर पोलिस चौकीत लेखी अर्ज आणि त्याची पोच. तिथे पहिलं वाक्य ऐकायला मिळेल की हे सिव्हिल मॅटर आहे, आपसात मिटवा. त्यात थोडं तथ्यही आहे, कारण १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्या कलम ३२९ मधली घुसखोरी सिद्ध करायला नुसतं आत येणं पुरत नाही, गुन्हा करायचा, धमकवायचं, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा हेतू दाखवावा लागतो. प्लंबरला घेऊन आलेल्या माणसावर तो हेतू लावणं कठीण. पण लेखी मनाई केल्यावरही, मुली झोपलेल्या असताना, परत परत चावीने आत येणाऱ्या माणसाचं "मी रिपेअरला आलो होतो" कोणी किती दिवस ऐकेल? म्हणूनच तो मेसेज आधी गेला पाहिजे. एकटी असताना कोणी आत आलं आणि बाहेर जा म्हटल्यावर जात नाही, किंवा अंगावर येतंय, तर मात्र सिव्हिल-क्रिमिनलचा विचार नको, सरळ ११२. पाणी-वीज तोडायची धमकी दिली तर तीही लिहून ठेव, अत्यावश्यक सेवा तोडायला मालकाला कलम २९ ने मनाई आहे.

कोर्टाचं म्हणशील तर पुण्यात हे वाद लघुवाद न्यायालयात जातात, पण चार महिने राहिलेल्या अ‍ॅग्रीमेंटसाठी मी तुला तिकडे पाठवणार नाही, तारीख पडेपर्यंत तुम्ही दुसरीकडे राहायला गेलेल्या असाल.

डिपॉझिटची भीती वाटते ते समजतं, पण गप्प बसून डिपॉझिट सुरक्षित होत नाही गं. उलट बोलाचाली सगळी तोंडी राहिली की शेवटी त्यांचं म्हणणं एक आणि तुमचं एक. लेखी ठेवलंत तर निदान तुम्ही कामाला हो म्हटलं होतं हे तरी दिसेल. मुदत संपायच्या महिनाभर आधी त्यांना घर दाखवायला बोलवा, काय नुकसान आहे ते तेव्हाच लिहून घ्या.

आणि चार महिन्यांनी रिन्यू करणार असाल, इथे किंवा दुसऱ्या घरी, तर एजंट ड्राफ्ट पाठवेल तेव्हा त्यात एक ओळ घालायला सांग: "मालक किमान २४ तास आधी लेखी अथवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून, लायसन्सी हजर असतानाच जागेत प्रवेश करतील, आग, गॅस, पाणी अशी आणीबाणी सोडून." एजंट म्हणेल फॉरमॅट फिक्स आहे मॅडम, बदलत नाही. बदलतो. जादा अटी घालायला जागा असते, तो घालत नाही कारण त्याला टाइप करायचा कंटाळा येतो.